खुणेच्या वर

गाडी बंद पडली ती सिग्नल हिरवा झाल्यावर. नुसती बंद पडली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण जाता जाता तिने मागून धुराचा एवढा लोट सोडला की चौक दिसेनासा झाला. आणि त्या धुराला वास होता तळणीचा. चांगला खमंग. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्नवरचा अंगठा काढला, खिडकीशी आला आणि आदबीने विचारलं, "काका, काय तळताय?"

आबांनी काच वर केली. शेजारी आजी मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. मागे चिरंजीव, सूनबाई आणि नात. सगळे निघाले होते आजींच्या बहिणीकडे, तिच्या नव्या घरी जेवायला.

"इंजिन गरम झालं असेल," चिरंजीव म्हणाले.

"काटा मध्यावर आहे."

"पेट्रोल?"

"कालच भरलंय."

"मग आबा, हा वास कसला येतोय?" नातीने विचारलं.

आजींनी पिशवीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला.

आबा म्हणजे लिफ्टचे निवृत्त निरीक्षक. उभ्या नोकरीत त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर एकही लिफ्ट चालू होऊ दिली नव्हती. दोर स्वतः बघायचे, ब्रेक स्वतः तपासायचे, मगच सही. निवृत्तीनंतर तपासायला उरली ती ही गाडी. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, आबा बॉनेट उघडत. तेल मोजायची पट्टी बाहेर काढत, फडक्याने पुसत, पुन्हा आत घालत, पुन्हा काढत आणि डोळ्यांसमोर धरून तेल खुणेपर्यंत आहे का ते बघत. हे फडकं आबांचंच जुनं बनियन होतं आणि त्याला घरातल्या टॉवेलांपेक्षा जास्त मान होता. बॉनेटला आबांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा घरातला कायदा. आजी तर गाडीला उघडपणे सवत म्हणत. "माझ्या तब्येतीची एवढी चौकशी झाली असती तर मी आज पळत असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मध्यंतरी चिरंजीवांनी जेवताना विषय काढून बघितला होता. "आबा, आता तुमचं वय झालं. गाडी विकून टाकायची का?" आबांनी शांतपणे घास संपवला आणि सांगितलं, "ज्या दिवशी हिचं इंजिन खोलायची वेळ येईल, त्या दिवशी चावी मी स्वतः आणून या टेबलावर ठेवीन. तोवर हा विषय नको." आबांचा शब्द म्हणजे सही.

आता तीच गाडी दोरीला बांधून उस्तादांच्या गॅरेजात आली.

उस्तादांचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, विचारायची गरजही पडली नव्हती. गॅरेजात बसायला एकच खुर्ची होती आणि ती आबांची. बाकी गिऱ्हाइकांनी टायरवर बसायचं. कारण एकच. आबा उस्तादांच्या कामाकडे टक लावून बघत आणि मधे बोलत नसत. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं, असं उस्ताद म्हणत. उस्तादही कधी कधी चुकतात, असंही काही गिऱ्हाइकं म्हणत. उस्ताद स्वतः मात्र 'चुकलो' असं कधी म्हणाले नव्हते.

उस्तादांनी पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. मग आबांच्या समोर धरली. खूण बुडून तेल चांगलं दोन बोटं वर चढलं होतं.

"तेल कोणी घातलं?"

"मी. सोमवारी. डिकीत एक डबा होता, त्यातलं. खुणेपर्यंत. थेंब जास्त नाही."

"आणि दुसऱ्या कोणी?" हा प्रश्न उस्तादांनी मागे उभ्या असलेल्या मंडळींकडे बघून विचारला. पण उत्तर दिलं आबांनी, आणि तेही छाती काढून. "उस्ताद, माझ्या घरात बॉनेटला कोणी हात लावत नाही. विचारा."

उस्तादांनी विचारलं. चिरंजीवांनी मान हलवली. सूनबाई "छे!" म्हणाल्या. नात मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "कोण, मी?" आजींना कोणी विचारलंच नाही. सवतीच्या बॉनेटशी त्यांचा काय संबंध?

"मग सरळ आहे," उस्ताद म्हणाले. "बाहेरून कोणी घातलं नाही, आणि तेल तर वाढलंय. म्हणजे आतूनच काहीतरी त्यात उतरतंय. पेट्रोल. पिस्टनच्या रिंगा गेल्या, आबासाहेब. इंजिन खोलावं लागणार."

"उस्ताद, माझी सगळी नोकरी लिफ्टमध्ये गेली. कुठलीही गोष्ट आपोआप वर गेलेली मी बघितली नाही. वर गेली म्हणजे कोणीतरी बटण दाबलंय."

"मग सांगा, कोणी दाबलं?"

"ते शोधणं तुमचं काम."

"शोधलं की. पेट्रोलने दाबलं."

"पेट्रोलला असा वास येतो?"

उस्तादांनी पट्टी नाकाशी नेली आणि क्षणभर घुटमळले. "गॅस्केट जळाल्याचा आहे."

"गॅस्केट इतकं खमंग जळतं?"

"जुन्या गाडीचं काहीही खमंग जळतं."

"काहीही काय बोलता? हिच्या इंजिनाचा आवाज ऐकून तुम्हीच म्हणाला होतात, मांजर झोपल्यासारखं वाटतं म्हणून."

"मांजरालाही म्हातारपण येतं, आबासाहेब."

ही शेवटची गोष्ट बोलायला नको होती, हे उस्तादांना ती बोलल्यावर कळलं. आबा खुर्चीतून उठले आणि बाहेर पडले.

आता यातला आतला हिशेब सांगायला हवा. झालं होतं असं की सोमवारी सकाळी चहा पिताना आबांनी जाहीर केलं, "गाडीत तेल घालायचंय." गॅलरीतल्या फळीवर तेलाचा सीलबंद डबा होता. मंगळवारी तो डबा तिथेच, सील तसंच. बुधवारीही तसाच. आबांनी डिकीतलं तेल वापरलं आणि हा डबा राखून ठेवला, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. प्रत्येकाने एकच अर्थ काढला: आबा विसरले.

तसं समजायला कारणही घडलं होतं. गेल्या महिन्यात आबांचा चष्मा दिवसभर सापडत नव्हता आणि शेवटी निघाला फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे. "माझ्याच हातून राहिला असेल," एवढंच म्हणून आबांनी तो पुसून डोळ्यांवर चढवला होता. त्या दिवसापासून घर त्यांच्याकडे जरा जपून बघू लागलं होतं.

दुसऱ्या एखाद्या घरात मुलगा सरळ म्हणाला असता, "आबा, तेल घालायचं विसरलात." या घरात तसं बोलत नाहीत. इथे समोरच्याची चूक त्याला कळू न देता दुरुस्त करायची पद्धत आहे. कोणाचं बटण तुटलं तर ते धुण्यातून परत येतं तेव्हा लागलेलं असतं; कोणी लावलं ते विचारायचं नाही. तेव्हा चिरंजीवांनी ऑफिसातून येताना तेलाची एक बाटली आणली, कारण डब्याचं सील फोडलं असतं तर आबांना कळलं असतं. आबा रात्री झोपल्यावर त्यांनी ती ओतली आणि रिकामी बाटली ऑफिसच्या कचऱ्यात नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी तेच केलं. त्या औषधांचं दुकान चालवतात; त्यांनी बाटलीवरच्या सगळ्या सूचना आधी वाचल्या, फक्त आत आधीचं किती आहे ते बघायची सूचना सोडून. तिसऱ्या दिवशी नात. एकाच्या पोटात तिघांनी आपापल्या परीने प्रेम ओतलं, आणि बिचारं इंजिन गुदमरलं.

मग गॅरेजात गप्प का बसले? प्रत्येकाला वाटलं, माझ्या एका बाटलीने एवढं होणं शक्य नाही, इंजिनच गेलं असणार. आणि कबूल करायचं म्हणजे आबांना तोंडावर सांगायचं, की तुम्ही विसराळू झालात असं आम्ही धरून चाललोय.

रविवारी सकाळी आबा सवयीने उठले, फडकं घेऊन खाली गेले आणि रिकाम्या जागेसमोर थोडा वेळ उभे राहून वर आले. खिशातून चावी काढली. टेबलावर ठेवली.

"आबा, अजून इंजिन खोललेलं नाही," चिरंजीव घाईने म्हणाले.

"खोलावं लागणार म्हणतात उस्ताद. मी त्यांच्याशी भांडलो ते चुकलं." आबांनी फडक्याची घडी घातली. "मी विचार केला. वर गेलं म्हणजे कोणीतरी बटण दाबलं. बॉनेटला हात लावणारा मी एकटा. म्हणजे एक तर इंजिन गेलं, नाहीतर मीच पुन्हा पुन्हा तेल ओतलं आणि मला आठवत नाही. दोन्हीपैकी काहीही असो, चावी माझ्याकडे नको."

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. इतकी वर्षं सवत घरातून जावी म्हणून बोलणाऱ्या बाईने त्या क्षणी आनंद मानायला हरकत नव्हती. त्या आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासू लागल्या.

सोमवारी गॅरेज उघडलं तेव्हा दारात पहिलं गिऱ्हाईक होतं चिरंजीव. त्यांनी हेल्मेट काढलं नाही, काच फक्त वर केली आणि गाडीची चावी उस्तादांच्या हातात दिली.

"उस्ताद, मी एक बाटली ओतली होती. बॉनेटमध्ये. आबांना सांगू नका. शपथ घ्या."

उस्तादांना बरं वाटलं नाही. निदानाला तडा गेला होता. पण त्यांनी मनाशी हिशेब केला. एका बाटलीने दोन बोटं चढत नाही. उरलेलं पेट्रोल असणार. त्यांनी शपथ घेतली.

थोड्या वेळाने सूनबाई आल्या. दुकानात गिऱ्हाइकाला खासगी दुखणं विचारताना काढतात तसा आवाज काढून म्हणाल्या, "जरा बाजूला येता का? मी एक डोस जास्त दिला होता. म्हणजे तेलाचा. मामंजींना कळता कामा नये."

"तुम्हीसुद्धा?"

"सुद्धा म्हणजे? आणखी कोणी?"

"कोणी नाही," उस्ताद म्हणाले. शपथ नुकतीच ताजी होती.

नात आली ती दुपारी, आणि आल्या आल्या रडायलाच लागली. "माझ्यामुळे आबांची चावी गेली. मी आख्खी बाटली ओतली. व्हिडिओ बघून ओतली, तरी चुकलं."

"रडू नकोस. तुझ्या एका बाटलीने काही झालं नाही."

"मग कशाने झालं?"

शपथा दोन होत्या आणि तिसरी समोर उभी होती. नात गेल्यावर त्यांनी इंजिनाखालचं तेलाचं बूच सोडलं आणि तेल टबात उतरताना बघत राहिले. पेट्रोल नव्हतं. रिंगा ठणठणीत होत्या. त्यांचं निदान साफ कोसळलं होतं, आणि ते का कोसळलं हे सांगायला त्यांची जीभ तीन ठिकाणी बांधलेली होती. शिवाय एक गोष्ट राहिलीच होती. तिघांनीही कंपनीचं, चांगलं तेल घातलं होतं. मग हा वास कुठला?

त्यांनी टब झाकून ठेवला, नवं तेल घातलं, प्लग साफ केले. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. मांजर झोपल्यासारखी.

संध्याकाळी निरोप गेला. आबा आले ते सगळ्या घराला घेऊन, म्हणजे बाकीचे तिघं आपणहून आले, आणि आजीही म्हणाल्या, "मीही येते." आजी स्वतःहून गॅरेजात? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"इंजिन खोललं?" आबांनी विचारलं. ते खुर्चीत बसले नाहीत.

"गरज नाही पडली. रिंगा चांगल्या आहेत. गाडी तयार आहे, घेऊन जा."

"शनिवारी तर आत पेट्रोल उतरत होतं."

"आता नाही उतरत."

"का?"

"थांबलं."

"थांबलं?" आबांचा आवाज चढला. "माझ्याकडे एक ठेकेदार असंच म्हणत आला होता. लिफ्ट मधेच अडकत होती, आता थांबलं, सही द्या. मी त्याला जिन्याने वर पाठवला. उस्ताद, कारण सांगा. कारण कळल्याशिवाय मी ही गाडी नेणार नाही."

शनिवारी इंजिन चांगलं आहे म्हणून भांडणारे आबा आता ते बिघडलेलंच असणार म्हणून भांडत होते, आणि शनिवारी ते गेलं म्हणणारे उस्ताद आता त्याच्या वतीने गयावया करत होते.

"आबासाहेब, ऐका ना. इंजिन सोन्यासारखं आहे."

"मग वरचं तेल कोणी घातलं? मी घातलं असेन तर तसं सांगा. मी ऐकायच्या तयारीने आलोय."

शेवटचं वाक्य बोलताना आबांचा हात सवयीने चावीच्या खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. उस्तादांना तो दिसला. चिरंजीव पुढे सरकले, सूनबाईंनी तोंड उघडलं, नातीचे डोळे भरले. पण त्या तिघांच्या आधी उस्तादच बोलले.

"मी घातलं."

मागे चाललेली पान्यांची खटखट थांबली. गाडीखाली झोपलेल्या मिस्त्रीने डोकं बाहेर काढलं.

"मागच्या सर्व्हिसला. कोणाशी तरी बोलत होतो, हात चालतच राहिला. चूक माझी."

ज्या माणसाने आपल्याच कारागिरांसमोर उभ्या जन्मात हा शब्द उच्चारला नव्हता, त्याने तो असा टबाशेजारी ठेवून दिला, आणि तोही न केलेल्या चुकीसाठी. एवढी उधळपट्टी श्रीमंतालाही परवडत नाही.

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. "सर्व्हिसनंतर, कालच्या आधीच्या रविवारी मी पट्टी बघितली होती, उस्ताद. तेल खुणेच्या खाली होतं."

आबांनी टबावरचं झाकण सरकवलं. आत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

या वेळी त्यांना ओळखायला क्षणही लागला नाही. त्यांनी मान वळवली. आजी भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीकडे फार लक्ष देऊन बघत होत्या. मग आबांनी चिरंजीवांकडे बघितलं; ते बुटाकडे बघत होते. सूनबाई छताकडे. नात कुठेच बघत नव्हती. निरीक्षक माणूस तो. दोर, ब्रेक, बटणं, सगळं एका नजरेत तपासून झालं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवस नसलेलं काहीतरी हळूच परत आलं.

"नाही," आबा सावकाश म्हणाले. "त्या रविवारी माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. वाचण्यात चूक झाली असणार. उस्ताद, तुमचंच काम हे."

ही आबांच्या आयुष्यातली पहिली खोटी सही.

आणि सही केल्यावर त्यांनी उस्तादांना मनापासून झापलं. हयगय, हलगर्जी, कारागिरांसमोर काय उदाहरण, वगैरे. उस्ताद मान खाली घालून "चुकलं साहेब, पुन्हा नाही होणार" म्हणत राहिले. दोघांच्याही चेहऱ्यावर कमालीचं समाधान होतं. झापून झाल्यावर आबा आपल्या खुर्चीत बसले आणि उस्तादांनी चहा मागवला.

निघताना चिरंजीवांनी उस्तादांकडून चावी घेऊन आबांच्या हातात ठेवली. "आम्ही चालत येतो," ते म्हणाले. तिघांना आता एकमेकांना बरंच काही विचारायचं होतं.

गाडीत आबा आणि आजी दोघंच. इंजिन मऊ चाललं होतं. मागे धुराचा, वासाचा किंचित पुसट माग राहत होता, एवढंच. त्याच सिग्नलला गाडी थांबली.

"चष्मा मी ठेवला होता फ्रिजमध्ये," आजी समोर बघत म्हणाल्या. "टेबल पुसताना हातात घेतला होता, तसाच दुधाबरोबर आत गेला. माझ्या नंतर लक्षात आलं."

"माझ्या तेव्हाच आलं होतं."

"मग सगळ्यांसमोर 'माझ्याच हातून राहिला असेल' असं का म्हणालात? पोरं तुम्हाला विसराळू समजायला लागली ना!"

"नाहीतर तुला समजली असती."

आजींनी पिशवीचा बंद सोडला, बांधला. आबांनी आरसा नीट केला आणि अगदी सहज विचारलं, "बरं, ते तेल. कढईतलं उरलेलं, गाळून ठेवलेलं होतं ना?"

"उरलेलं?" आजी एकदम त्यांच्याकडे वळल्या, गेल्या कित्येक वर्षांत गाडीत बसून त्या इतक्या चिडल्या नव्हत्या. "नवीन डबा फोडला होता! तुमच्या गाडीला मी उरलेलं घालीन?"